दावं धन्याचं

बैल गेले तरी गिरजाबाईनं गोठा झाडायचं सोडलं नव्हतं. शेण नाही, गवताची काडी नाही, पण उजाडलं की खराटा घेऊन ती आत जायची, झाडलेलंच पुन्हा झाडायची आणि रिकाम्या गव्हाणीपाशी जरा वेळ उभी राहायची. वर खुंटीला खैऱ्याचं आणि मोऱ्याचं दावं टांगलेलं होतं. भोसरीकडची जमीन कारखान्यांच्या प्लॉटात गेली, औताला कामच उरलं नाही, तेव्हा चाकणच्या बाजारात तिनं जोडी देऊन टाकली. दावी मात्र गळ्यातून सोडून परत आणली. मोशीत ही रीत कुणाला सांगावी लागत नाही. जनावर विकावं, दावं विकू नये. दावं धन्याचं. ते गेलं तर घरची लक्ष्मी त्याच्या मागोमाग चालू लागते. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो आणि त्यानं बांधून नेतो.

गोठा रिकामा ठेवायचा नाही, हेही तिनं बाजारातून आल्या आल्या सांगून टाकलं होतं. थोरला कोंडीराम गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्याच्या बायकोचा, म्हणजे गिरजाबाईचा. ज्ञानदेव आणि खंडू या दोन्ही दिरांना तिनं लहानाचं मोठं केलं होतं. दोघं आता कंपनीत जात, मिशा राखून होते, पण तिच्यासमोर अजून खाली मान घालून जेवत.

तर गोठ्यात आणायचं काय, यावर घरात दोन तट पडले होते. खंडूचं म्हणणं, तीनचाकी टेम्पो आणू. भाजी भरू, पिंपरीच्या मंडईत नेऊ, उरलेल्या वेळात कारखान्यांचा माल टाकू. ज्ञानदेवची बायको कस्तुरा नवऱ्याला सोडून धाकट्या दिराच्या बाजूला गेली होती, कारण डोक्यावर पाट्या वाहून मान तिची दुखत होती. ज्ञानदेव काहीच बोलत नव्हता. आणि त्याची लेक इंद्रायणी, जी दहावीत होती आणि वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून साऱ्या जगाशी दोन शब्द बोलल्याशिवाय राहत नव्हती, ती आबा कधी बोलतात याची वाट बघत होती.

आबा बोलले ते बुधवारी, शिफ्टवरून येऊन हात धुता धुता. मधुसूदन साहेबांच्या बाई नवरदेव विकतायत, एवढंच म्हणाले आणि पंच्याला हात पुसत राहिले.

नवरदेव म्हणजे काय, हे त्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. इंद्रायणी चौथीत होती तेव्हा कंपनीनं थोड्याच, अगदी हौसेच्या मोटारसायकली बांधल्या होत्या. त्या लाइनीवर टाकल्याच नव्हत्या. कारखान्यातल्या शॉपच्या एका कोपऱ्याला पडदा लावून निवडक कामगारांनी त्या हातानं जुळवल्या आणि मधुसूदन साहेब स्वतः बाह्या सरसावून त्यांच्यात बसले. ज्ञानदेव चाकांच्या तारा ओढून चाकं सरळ करायला होता. नटूनथटून उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांना कामगारांनीच नवरदेव नाव पाडलं. विकल्या गेल्या मुंबई-दिल्लीला. एक साहेबांनी आपल्यासाठी घेतली. कामगाराच्या वाट्याला एकही आली नाही आणि येईल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

"बैलांच्या जागी नवरदेव," खंडू म्हणाला, "मग मुंडावळ्या पण आणू, दादा."

कस्तुरानं भाकरी थापता थापता विचारलं, की त्यावर दोघं बसणार, मग बाकीच्यांनी मागनं पळायचं का. इंद्रायणीनं ताबडतोब आबांची बाजू घेतली. टेम्पो काय, कुणाकडेही असतो. पण अशी वस्तू देशात मोजक्या घरी आहे, आणि तिच्या चाकांच्या तारा ज्या हातांनी ओढल्या ते हात या घरात आहेत, असं ती म्हणाली आणि बोलता बोलता उभी राहिली. स्पर्धेतली सवय. आईनं पिठाच्या हातानंच तिला खाली बसवलं.

गिरजाबाई सगळ्यांचं ऐकून शेवटी म्हणाली, "बघितल्याबिगर जनावरावर बोलू ने. उद्या बेस्तरवार, तुमा दोघांना सुट्टी. जाऊन बघू."

इंद्रायणीनं शाळा बुडवली. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून तिनं विचारलंच नाही, सरळ चपला घालून थोरल्या आईच्या, म्हणजे गिरजाबाईच्या, शेजारी उभी राहिली.

*

चिंचवडला स्टेशनाच्या अलीकडे कंपनीच्या साहेब लोकांचे बंगले होते. साहेबांच्या बाई, वासंतीबाई, फाटकातच उभ्या होत्या. साहेब जाऊन वर्ष व्हायचं होतं, बंगला कंपनीला परत द्यायचा होता, आणि त्या नाशिकला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. सामान आधीच गेलं होतं. उघड्या दारातून आतल्या मोकळ्या भिंती दिसत होत्या, फोटो काढलेल्या जागी चौकोनी पांढरे डाग. चहा विचारताना त्यांना आठवलं की कप बांधले गेलेत, आणि त्या ओशाळल्या.

त्यांनी गॅरेजचं दार सरकवलं, चादर ओढली.

इंद्रायणीच्या तोंडून शब्द फुटला नाही. ढाल मिळवलेल्या तोंडातून. मोराच्या मानेचा असतो तो निळा, आणि ती एक पाऊल सरकली तर तोच हिरवा. पेट्रोलच्या टाकीवरून एक सोनेरी रेघ निघाली होती, केसाइतकी बारीक, हातानं ओढलेली. ती वळसा घेऊन मागं कुठं संपते ते बघायला गेलं तर संपतच नव्हती, पुन्हा टाकीवर येत होती. बुटकी तपकिरी सीट. दोन्ही बाजूंनी मागं पळालेले दोन चकचकीत नळ. पुढच्या दिव्याच्या गोल पाठीत सगळं अंगण मावलं होतं: आंब्याचं झाड, फाटक, आभाळ, आणि मधोमध ते चौघं, बोटाएवढे. तिनं मान हलवली तसं आतल्या इवल्या इंद्रायणीनंही हलवली. एवढी सुंदर वस्तू माणसं करू शकतात, आणि ती माणसं संध्याकाळी घरी येऊन पिठलं-भाकरी खातात, हे तिच्या डोक्यात मावेना.

तिनं आबांकडे बघितलं. ते अनवाणी उभे होते. चपला कधी काढल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"बसला व्हतास का कधी हिच्यावर?" गिरजाबाईनं विचारलं.

"नाही वैनी. चालवायचे ते टेस्टवाले. आमी ढकलत ट्रकपर्यंत न्यायचो, तेवढंच." आणि मग हळूच, "ही मीच नेली होती."

खंडूनं आल्यापासून तोंड वाकडं ठेवलं होतं, पण आता तो उकिडवा बसून इंजिनाखाली डोकावत होता आणि मान वर काढायला तयार नव्हता. बाजारात बघतात तशी गिरजाबाईनं गाडी बघायला घेतली. आधी मागून. मग एक पूर्ण फेरी. सीटवर पंजा दाबून पाठ बघितली, नळाच्या तोंडाशी वाकून वास घेतला, आणि वासंतीबाईंना रोख विचारलं, की खोड काय हाय. वासंतीबाई क्षणभर गोंधळल्या, पण उत्तर त्यांनी अगदी मनापासून दिलं. थंडीच्या दिवसांत पहिल्या लाथेला चालू होत नाही, म्हणाल्या. हे तिच्याशी थोडं बोलायचे, मग दुसरी मारायचे.

"आमचा मोऱ्या तसलाच व्हता," गिरजाबाई म्हणाली, आणि खोड मान्य झाली.

वासंतीबाईंनी पदराच्या गाठीतून चावी सोडली आणि ज्ञानदेवच्या हातात दिली. त्यानं ती लावली, पाय ठेवला, आणि पहिल्याच लाथेला गाडी जागी झाली. आवाज मोठा नव्हता. जाड, खोल, तब्येतीत आलेला आवाज होता. पायाखालच्या फरशीतून तो वर चढला आणि इंद्रायणीच्या गुडघ्यांत शिरला. गिरजाबाईनं हात पुढे केला आणि तळवा टाकीवर ठेवला. निळा पत्रा थरथरत होता, कातडीवर माशी बसली की बैल थरथरतो तसा. तिनं तळवा उचलला नाही. तिचा चेहरा इंद्रायणीनं बैल विकल्यानंतर पहिल्यांदाच असा बघितला.

घेणार. इंद्रायणीला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी फाटकाशी जीप थांबली.

*

बबनराव पिंपरीचे ठेकेदार. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं साहेबांची आठवण काढली, वासंतीबाईंना नमस्कार केला, गिरजाबाईला मावशी म्हणाला. पण बोलणं सगळं जीपच्या भोंग्यासारखं. आपण काय देणार, ते त्यानं अंगणातूनच सांगून टाकलं, आणि तो आकडा ऐकून ज्ञानदेवनं चालू इंजिन बंद केलं. पोराचं लग्न आहे, बबनराव सांगत होता, वरातीत काढायची. पोराला लाल आवडतो, तेव्हा हा रंग खरडून लाल मारून घेऊ. सीट उंच करू, म्हणजे मागं सूनबाई नीट बसेल.

वासंतीबाई त्या निळ्याकडे बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. एकट्या बाईला जास्त देणाऱ्याला नकार देणं सोपं नसतं.

गिरजाबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "भाव तोंडानं सांगू ने," ती म्हणाली. "चारचौघांत भाव केला की जनावर मान खाली घालतं." आणि तिनं आपला पदर पसरून वासंतीबाईंचा हात त्याच्याखाली घेतला. चाकणच्या बाजारात दलाल धोतराच्या सोग्याखाली बोटं धरून भाव करतात, तसा. वासंतीबाईंना यातलं काही येत नव्हतं. गिरजाबाईनं कुठलं बोट म्हणजे काय ते त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. लाल-पांढऱ्या पदराखाली दोन बायकांचे हात हलत राहिले. एकदा वासंतीबाई हसल्या, गुदगुल्या झाल्यासारख्या, आणि हसल्यावर स्वतःच दचकल्या. काय ठरलं ते कुणालाच कळलं नाही. घरात आजवर कळलेलं नाही. पण बबनरावाइतकं ते नव्हतं, हे पदर बाजूला झाल्यावर वासंतीबाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

ज्ञानदेवनं चावी काढून गुपचूप वासंतीबाईंच्या हातात परत दिली, आणि चपला शोधू लागला.

"द्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा," गिरजाबाई म्हणाली. "पर दिलं तरी ह्ये दावं आमी न्हेनार न्हाई. ह्ये तुमचं."

"कुठलं दावं?"

गिरजाबाईनं बोट दाखवलं. चावीकडे.

इंद्रायणीचा जीव वर-खाली झाला. हातातोंडाशी आलेला घास, आणि थोरल्या आईनं गावचं अडाणीपण असं भर अंगणात मांडावं. ती पुढे झाली. "थोरली आई, ते दावं नाही, चावी आहे ती. तिच्याशिवाय गाडी चालूच होत नाही." खांद्यावर आबांचा हात आला तेव्हा ती थांबली. हात सांगत होता, गप्प. आबांनी सहा वर्षं जिची स्वप्नं बघितली, ती गाडी चावीविना हातात येत असतानाही वहिनीचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता त्यांना.

बबनराव हसला, तसा मोकळेपणानंच. "मावशी, चावीबिगर न्हेऊन काय देव्हाऱ्यात ठेवनार?"

"काय करायचं ते आमचं आमी करू, बाबा." आणि मग वासंतीबाईंकडे वळून गिरजाबाईनं रीत समजावून सांगितली; धन्यानं दावं का ठेवायचं, घेणाऱ्यानं का मागायचं नाही. शेवटी तिचा आवाज खाली आला. "ज्याच्या दारातनं जनावर गेलं त्याच्या खुंटीला कायतरी टांगलेलं ऱ्हायलं पायजे, बाई. समदंच गेलं तर सकाळी उठून बघायचं कशाकडं?"

वासंतीबाईंनी उघड्या दारातून आतल्या भिंतींकडे बघितलं, त्या पांढऱ्या चौकोनांकडे. मग त्यांची मूठ हळूहळू चावीवर मिटली.

"बबनराव, माफ करा," त्या म्हणाल्या. "गाडी दिली मी."

*

चिंचवडपासून मोशीपर्यंत मोटारसायकल ढकलत नेणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. चिखलीचा कच्चा रस्ता, दोन्हीकडे ज्वारी. ज्ञानदेव हँडलला, खंडू मागं, इंद्रायणी जमेल तिथं, आणि गिरजाबाई पुढं, नवा बैल आणताना चालतात तशी, डोक्यावरचा पदर सावरत, वळून वळून बघत.

"टेम्पो घेतला असता," खंडू धापा टाकत म्हणाला, "तर आत्ता हिला त्यात घालून नेली असती."

यावर स्वतः गिरजाबाईही हसली.

रस्त्यात सायकलवाले थांबून विचारायचे, बंद पडली का. ज्ञानदेव म्हणायचा, "नाही, नवीन आहे." विचारणारा तसाच उभा राहायचा, निळ्याकडे बघत, मग सायकल आडवी टाकून चार पावलं ढकलू लागायचा. चिखलीपर्यंत असे कितीतरी हात लागले. चांगदेव-ज्ञानेश्वरांच्या गोष्टीत भिंत कशी चालली असेल याचं इंद्रायणीला नेहमी नवल वाटे, आता वाटेना.

मोशीच्या अलीकडे रस्ता नदीच्या बाजूला उतरतो. तिथं गिरजाबाई थांबली. "इंद्रे, बस वर. नव्या बैलावर घरचं पोर बसवून आनत्यात."

ती बसली. आबांनी ब्रेक कुठला ते दाखवलं, हँडलवरून हात काढायला मात्र त्यांना वेळ लागला. मग उतारानं गाडी घेतली. इंजिन नाही, आवाज नाही. फक्त चाकांच्या तारांची बारीक सळसळ, आबांनी ओढलेल्या तारांची, आणि समोरून येणारा वारा. दिव्याच्या गोल पाठीत सगळी इंद्रायणी नदी मावली होती, मावळतीच्या उजेडासकट, आणि ती नदी तिच्या दोन हातांच्या मधून वाहत होती. भाषणात वापरायचे सगळे मोठे शब्द तिला येत होते. त्यातला एकही या वेळी पुरला नाही. मागून खंडूकाका धावत येत होता आणि ओरडत होता, की पुढच्या उताराला माझी पाळी.

*

कस्तुरा दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. बातमी सायकलवाल्यांनी आधीच पोचवली होती. दोन माणसांची गाडी, असं पुटपुटत तिनं दोन्ही चाकांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. आणि मग टाकीवरचा चिखलाचा शिंतोडा तिला बघवला नाही, तो तिनं स्वतःच्या पदरानं पुसला. सोनेरी रेघेवर तिचं बोट जरा रेंगाळलं. खंडू ज्ञानदेवकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, की गेलं, माझ्या बाजूचं एकुलतं एक माणूस गेलं.

गाडी गोठ्यात गव्हाणीपुढं उभी राहिली. गिरजाबाईनं पेटीतून नवं कोरं दावं काढलं; बैल दिले त्याच बाजारात घेऊन ठेवलेलं, अजून तागाचा वास येणारं. पुढच्या दांड्याला बांधून त्याचं दुसरं टोक तिनं गव्हाणीच्या कडीत अडकवलं.

ज्ञानदेव खांबाला टेकून उभा होता. बोलावं की नाही, असं बराच वेळ झालं त्याचं. "वैनी," शेवटी तो म्हणाला, "रागावणार नसाल तर… पिंपरीत एक चावीवाला बसतो. त्याला बोलावून कुलपावरून नवी करून घेतो."

"घे की," गिरजाबाई म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हनलं? दुसऱ्याचं दावं नगं म्हनलं मी. आपलं नगं असं म्हनले का?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता. कणगीच्या खोलीची, पेटीची, विहिरीच्या पंपाची. वळली तशी तो वाजला.

"म्हणजे नवी चावी करता येते हे तुला ठाऊक होतं?" इंद्रायणी म्हणाली. "मग तिथं का नाही सांगितलंस? मी एवढी…"

"काय सांगायचं? त्या बाईला ठाव व्हतं, मला ठाव व्हतं. तुझ्या आबानं तोंड उघडलं का? बोलली ती तू एकटी. ढालवाली." तिनं इंद्रायणीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तिच्या हातात कायतरी ऱ्हायलं पायजे व्हतं, पोरी. उगंच ठेवा म्हनलं असतं तर तिनं ठेवलं नसतं."

इंद्रायणी काही बोलली नाही. हे तिला नव्यानंच जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघायच्या आधी ती गोठ्यात डोकावली. उजेड नुकताच आत आला होता आणि निळ्यावर हिरवा चढत होता. गिरजाबाई खराटा घेऊन आत होती, पण आज ती गव्हाणीपाशी थांबली नव्हती. कंबर वाकवून, चाकाखालून, सीटखालून, कोपऱ्याकोपऱ्यातून ती मन लावून झाडत होती. कारण आज झाडायला खरंच काहीतरी होतं: चाकांबरोबर आलेली चिखलीची माती, चांगली ओंजळभर.